अमेरिकेच्या इतिहासाची महाजालावरील साधने : प्रामाण्याचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या इतिहासाचा अभ्यास भारतात राहून करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पूर्वी जी अडचण होती, ती साधनांच्या दुर्मिळतेची होती. मूळ कागद वॉशिंग्टन, बोस्टन वा रिचमंड येथे. छापील साधनग्रंथ भारतातील मोजक्या ग्रंथालयांत. आणि हाती येणारी पुस्तके बहुधा दुसऱ्याने केलेल्या संशोधनाचे सार सांगणारी. त्यामुळे येथील अभ्यासकाला अमेरिकन इतिहासकारांच्या निष्कर्षांवर भाष्य करता येई. परंतु ते निष्कर्ष ज्या कागदांवरून काढले गेले, ते कागद स्वतः तपासणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असे.

गेल्या तीस वर्षांत ही स्थिती पालटली आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९० साली प्रायोगिक स्वरूपात सुरू केलेला 'अमेरिकन मेमरी' हा उपक्रम १९९४ पासून महाजालावर आला. १९९६ साली इंटरनेट आर्काइव्ह आणि येल विधि महाविद्यालयाचा 'अ‍ॅव्हलॉन' प्रकल्प, २००७ साली जुन्या वृत्तपत्रांचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा संग्रह, २००८ साली विद्यापीठीय ग्रंथालयांचा 'हाथीट्रस्ट' आणि २०१३ साली राष्ट्रसंस्थापकांच्या कागदपत्रांचा 'फाउंडर्स ऑनलाइन' अशी एकामागून एक भांडारे खुली झाली. पुणे, नागपूर वा पणजी येथील विद्यार्थी आज जेफरसनचे पत्र किंवा १८६१ च्या एखाद्या वृत्तपत्राचे पान आपल्या मेजावर पाहू शकतो.

दुर्मिळता गेली, तिच्या जागी विपुलता आली. परंतु विपुलतेने प्रामाण्याचा प्रश्न सुटत नाही, उलट तो अधिक कठीण होतो. ज्या पडद्यावर अस्सल पत्र दिसते त्याच पडद्यावर, तितक्याच ठळक अक्षरांत, बनावट वचनेही दिसतात. जेफरसनच्या नावावर खपणाऱ्या खोट्या वचनांची संख्या इतकी वाढली की, त्याच्या माँटिसेलो येथील वास्तूची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेस अशा वचनांची स्वतंत्र नोंद ठेवणे भाग पडले. यास्तव कोणते संकेतस्थळ विश्वसनीय आहे, एवढेच विचारून भागत नाही. पडद्यावरील मजकूर मूळ घटनेपासून किती हातांतून गेला आहे, आणि त्यांपैकी प्रत्येक हाताने त्यात काय बदल केला, हे विचारणे अगत्याचे आहे.

२. अस्सल आणि नक्कल

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस हा प्रश्न नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हापासून अस्सल पत्र, नक्कल आणि बखर यांच्यातील भेद येथील संशोधनाचा पाया ठरला आहे. हाच भेद महाजालावरील साधनांस लावावयाचा, तर त्यांचे चार स्तर पडतात. पहिला स्तर मूळ कागदाच्या छायाप्रतीचा. दुसरा, तज्ज्ञ संपादकाने पाठ निश्चित करून, टिपांसह सिद्ध केलेल्या आवृत्तीचा. तिसरा, कोणी तरी कोठल्या तरी छापील पुस्तकावरून उतरवून घेतलेल्या मजकुराचा. चौथा, यंत्राने प्रतिमेवरील अक्षरे ओळखून तयार केलेल्या संहितेचा.

'फाउंडर्स ऑनलाइन' हे दुसऱ्या स्तराचे उत्तम उदाहरण होय. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन इत्यादींच्या कागदपत्रांच्या ज्या आवृत्त्या विद्यापीठांतून अनेक दशके सिद्ध होत आल्या आहेत, त्यांचाच मजकूर येथे आहे. त्यांपैकी जेफरसनच्या पत्रव्यवहाराचा पहिला खंड ज्युलियन बॉइड यांच्या संपादनाखाली १९५० साली प्रिन्स्टन येथे निघाला. पत्राचा मसुदा कोठे आहे, पाठविलेली प्रत कोठे आहे, दोहोंत फरक कोणता, हे संपादक टिपेत सांगतो. 'अ‍ॅव्हलॉन' प्रकल्पातील तह व कायदे बहुतांशी तिसऱ्या स्तराचे आहेत. ते वाचनास सोयीचे आहेत, आणि मजकूर कोणत्या छापील ग्रंथावरून घेतला हे तेथे पुष्कळदा नमूद असते. परंतु प्रबंधात आधार द्यावयाचा झाल्यास त्या छापील ग्रंथापर्यंत जाणे इष्ट.

चौथा स्तर सर्वांत फसवा, कारण शोध घेताना अभ्यासकाचा संबंध नकळत त्याच्याशीच येतो. 'क्रॉनिकलिंग अमेरिका'त दोन कोटींहून अधिक वृत्तपत्रीय पृष्ठे आहेत. शोधाच्या चौकटीत शब्द घातला की, यंत्र पृष्ठाची प्रतिमा शोधत नाही. ते स्वतः पूर्वी वाचून ठेवलेल्या संहितेत शोधते. फिकट शाई, दुमडलेला कागद, तुटके खिळे यांमुळे ही संहिता जागोजागी चुकलेली असते. अठराव्या शतकातील इंग्रजी मुद्रणात 'एस' या अक्षराचे एक लांबट रूप वापरीत. ते यंत्रास पुष्कळदा 'एफ' वाटते. मोडी वाचताना सवय नसलेला वाचक जसा एका अक्षराच्या जागी दुसरे वाचतो, तसाच हा प्रकार. म्हणून शब्द सापडला नाही, यावरून तो त्या वृत्तपत्रात नव्हता असे अनुमान काढता येत नाही.

३. एका भाषणाचे दोन पाठ

हा भेद केवळ तांत्रिक नाही, हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून ध्यानात येईल. १८५१ च्या मे महिन्यात ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे भरलेल्या स्त्रीहक्क परिषदेत सोजर्नर ट्रूथ या पूर्वी गुलाम असलेल्या स्त्रीने भाषण केले. 'मी स्त्री नव्हे काय?' या अर्थाचा प्रश्न पुनःपुन्हा विचारणारे भाषण म्हणून ते जगभर ओळखले जाते, आणि असंख्य संकेतस्थळांवर त्याच रूपात आढळते.

वस्तुतः या भाषणाचे दोन प्रमुख पाठ उपलब्ध आहेत. पहिला २१ जून १८५१ रोजी 'अँटि-स्लेव्हरी ब्यूगल' या ओहायोतील वृत्तपत्रात आला. तो मॅरियस रॉबिन्सन यांनी प्रसिद्ध केला. ते या पत्राचे संपादक होते आणि परिषदेस स्वतः उपस्थित होते. दुसरा पाठ परिषदेच्या अध्यक्षा फ्रान्सिस डाना गेज यांनी १८६३ साली, म्हणजे बारा वर्षांनंतर, यादवी युद्ध चालू असताना लिहिला. ते प्रश्नार्थक पालुपद केवळ या दुसऱ्या पाठात आहे. रॉबिन्सन यांच्या पाठात त्याचा मागमूस नाही. गेज यांनी वक्तीच्या तोंडी दक्षिणेकडील गुलामांची म्हणून समजली जाणारी बोली घातली. परंतु ट्रूथ न्यूयॉर्क राज्यात जन्मल्या होत्या आणि त्यांची पहिली भाषा डच होती. गेज यांच्या पाठात त्यांना तेरा अपत्ये असल्याचे म्हटले आहे. त्यांना पाच अपत्ये झाली, हेच चरित्रकारांस मान्य आहे.

येथील परिभाषेत बोलावयाचे, तर रॉबिन्सन यांचा वृत्तान्त समकालीन पत्राच्या जातीचा व गेज यांचा बखरीच्या जातीचा ठरतो. नंतरच्या ग्रंथांनी, विशेषतः १८८१ साली निघू लागलेल्या स्त्रीमताधिकाराच्या बृहत् इतिहासाने, दुसराच पाठ स्वीकारला आणि तो रूढ झाला. तथापि बखर त्याज्य ठरली म्हणजे निरुपयोगी ठरते असे नाही. १८५१ साली काय बोलले गेले याचा पुरावा म्हणून गेज यांचा पाठ दुर्बल असला, तरी १८६३ साली उत्तरेतील सुधारकांना गुलामगिरीतून आलेली स्त्री कशा रूपात हवी होती, याचा तो प्रथम दर्जाचा पुरावा आहे. हे दोन्ही पाठ आज महाजालावर शेजारी ठेवून वाचता येतात. जो अभ्यासक पहिल्या सापडलेल्या पाठावर थांबतो, त्याच्या पदरी ही संधी पडत नाही.

४. साक्षीदार आणि विचारणारा

छायाप्रत अस्सल आहे एवढ्याने काम संपत नाही, हे दुसऱ्या एका संग्रहावरून दिसते. १९३६ ते १९३८ या काळात, महामंदीत बेकार झालेल्या लेखकांस काम देण्यासाठी उभारलेल्या 'फेडरल रायटर्स प्रोजेक्ट' या सरकारी योजनेतून पूर्वीच्या गुलामांच्या मुलाखती घेण्यात आल्या. २,३०० हून अधिक निवेदने आणि सुमारे ५०० छायाचित्रे असा हा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे. संस्था अधिकृत, टंकलिखित मूळ प्रतीच्या प्रतिमा समोर. प्रामाण्यात उणे काय राहिले?

याचे उत्तर दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटनच्या एका वृद्धेच्या निवेदनांत आहे. संग्रहात तिच्या दोन मुलाखती आहेत. एकीत तिचे नाव सुसान हॅमलिन, तर दुसरीत सुसान हॅमिल्टन असे नोंदले आहे. पहिली मुलाखत जेसी बटलर या गोऱ्या स्त्रीने घेतली. तीत धनी चांगला होता, गुलामांची नीट काळजी घेतली जाई, असा सूर आहे. शिवाय मुलाखत घेणारी बाई सरकारी मदतीच्या कचेरीतून आली असावी, अशी त्या वृद्धेची समजूत झालेली दिसते. दुसरी मुलाखत ऑगस्टस लॅडसन या कृष्णवर्णीयाने घेतली. तीत फटक्यांच्या शिक्षा आहेत, नुकत्याच लग्न झालेल्या जोडप्याची विक्रीने झालेली ताटातूट आहे आणि तिचा आकांत आहे.

व्यक्ती एक, शहर एक, विषय एक. विचारणारा बदलताच साक्ष बदलली. मंदीच्या काळात मदतीची आशा असलेल्या, वर्णभेदाच्या कायद्यांखाली जगणाऱ्या वृद्धेने गोऱ्या बाईपुढे सावधपणे बोलणे अगदी स्वाभाविक होते. ज्या विद्यार्थ्याला यांत्रिक शोधात केवळ पहिली मुलाखत सापडेल, तो गुलामगिरीच्या सौम्यपणाचा निष्कर्ष काढील आणि त्यास आधार म्हणून राष्ट्रीय ग्रंथालयाचे नाव देईल. आधार खरा असेल. निष्कर्ष टिकणार नाही. या संग्रहातील प्रत्येक निवेदनापूर्वी मुलाखत कोणी, केव्हा व कोठे घेतली हे पाहिलेच पाहिजे, आणि तेथे ते बहुधा नोंदलेले आहे.

५. अधिकृत म्हणजे विश्वसनीय काय?

सरकारी संकेतस्थळ विश्वासार्ह आणि खासगी संशयास्पद, असा सोपा नियम विद्यार्थ्यांस अनेकदा सांगितला जातो. अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याच्या साधनग्रंथांचा इतिहास या नियमाच्या मर्यादा दाखवितो. 'फॉरिन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स' ही ग्रंथमाला १८६१ पासून निघत असून तिचे बहुतेक खंड आज परराष्ट्रखात्याच्या इतिहास कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. १९८९ साली तिचा १९५२ ते १९५४ या काळातील इराणविषयक खंड निघाला. १९५३ साली पंतप्रधान मोसादेक यांचे सरकार उलथविण्यात अमेरिकन गुप्तचर संस्थेचा जो भाग होता, त्याचा या खंडात पत्ता नव्हता. प्रसिद्ध झालेले कागद खोटे नव्हते; निर्णायक कागद वगळलेले होते. या पद्धतीचा निषेध म्हणून सल्लागार समितीचे अध्यक्ष वॉरन कोहेन यांनी १९९० साली राजीनामा दिला. १९९१ साली काँग्रेसने कायदा करून ही ग्रंथमाला सर्वांगीण, अचूक आणि विश्वसनीय असली पाहिजे असे बंधन घातले. त्यानंतरही इराणविषयीचा पूरक खंड निघण्यास २०१७ साल उजाडले.

भारतीय अभ्यासकांस याच मालेतील १९७१ च्या दक्षिण आशियाई पेचप्रसंगावरील, २००५ साली निघालेला खंड विशेष महत्त्वाचा आहे. त्यात अध्यक्ष निक्सन यांच्या ध्वनिफितींतील संभाषणे आहेत, आणि ढाक्याचे वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांच्या कचेरीने ६ एप्रिल १९७१ रोजी पाठविलेली निषेधाची तारही आहे. स्वतःच्या सरकारास अडचणीचे कागद सरकारनेच छापावेत, हे त्या कायद्याचे फळ होय. तथापि हा खंडही वॉशिंग्टनच्या दप्तराचाच आहे. दिल्लीचे हेतू त्यात अमेरिकन अधिकाऱ्यांच्या नजरेतून उमटतात. केवळ त्यावरून भारताच्या धोरणाचा इतिहास लिहिणे म्हणजे एकाच पक्षाच्या कैफियतीवरून निवाडा देणे होय.

६. आकडे आणि अनुमाने

अटलांटिक गुलामव्यापाराचा 'स्लेव्ह व्हॉयेजेस' हा आकडेसंग्रह १९९९ साली तबकडीच्या रूपात व २००८ साली महाजालावर आला. त्यात ३६,००० च्या आसपास सफरींची नोंद आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे १ कोटी २५ लाख माणसे जहाजांत चढविली गेली, त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली, आणि आज संयुक्त संस्थाने असलेल्या मुख्य भूमीवर थेट आलेल्यांची संख्या चार लाखांच्या आतच होती, हे आकडे आज सर्वत्र दिले जातात. ते ज्ञात सफरींची नुसती बेरीज नव्हेत. कागद हरवलेल्या सफरींचा अंदाज बांधून काढलेली ती अनुमाने आहेत. कर्त्यांनी नोंदी आणि अनुमाने वेगळी ठेवली असून अनुमानाची रीतही सांगितली आहे, हेच या संग्रहाच्या विश्वसनीयतेचे लक्षण होय. अभ्यासकाने आकडा उतरवून घेताना तो नोंदीचा की अनुमानाचा, हे सांगितले नाही, तर कर्त्यांनी पाळलेले पथ्य वाया जाते.

७. शोधात न सापडणारे

साधनांच्या या पसाऱ्यात काय नाही, याचेही भान हवे. १९३४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अभिलेखागारातील कागदांचा फार थोडा अंश महाजालावर आहे. जे आहे तेही योग्य शब्दावाचून सापडत नाही. यादवी युद्धात मालकांकडून पळून संघराज्याच्या सैन्याकडे आलेल्या गुलामांना, मे १८६१ मध्ये जनरल बटलर यांनी मन्रो किल्ल्यात दिलेल्या निर्णयानंतर, 'काँट्राबँड' म्हणजे युद्धात जप्त केलेला माल म्हणत. आजचा 'निर्वासित' हा शब्द घेऊन शोधणाऱ्यास त्यांचा मोठा इतिहास दिसणारच नाही. तसेच १८२८ साली सुरू झालेले 'चेरोकी फीनिक्स' हे पत्र इंग्रजी व चेरोकी अशा दोन भाषांत निघे. इंग्रजी शब्दांनी शोध घेणाऱ्यास त्या समाजाचा अर्धाच आवाज ऐकू येतो.

याहून सूक्ष्म दोष प्रकाशनहक्काच्या कायद्यातून उद्भवतो. अमेरिकेत जुनी पुस्तके सामान्यतः प्रकाशनापासून ९५ वर्षांनी मुक्त होतात. त्यामुळे महाजालावर विनामूल्य मिळणारे ग्रंथ बहुधा जुन्या मतांचे असतात. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेवरील विल्यम डनिंग यांचा १९०७ चा ग्रंथ सहज मिळतो. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना राज्यकारभारास अपात्र ठरविणारी त्या संप्रदायाची दृष्टी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी १९३५ साली खोडून काढली, आणि एरिक फोनर यांच्या १९८८ च्या ग्रंथाने नवी मांडणी स्थिर केली. पण फोनर यांचा ग्रंथ विकत वा ग्रंथालयातूनच मिळवावा लागतो. जे फुकट मिळते तेच वाचण्याची सवय लागली, तर विद्यार्थी नकळत शंभर वर्षे मागे जातो. मूळ साधनांसाठी महाजाल आणि अद्ययावत विवेचनासाठी ग्रंथालय, ही विभागणी त्यामुळे अद्याप आवश्यक आहे.

शिवाय पडद्यावरील मजकूर स्थिर नसतो. २०२५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने गुलामांच्या गुप्त पलायनमार्गांविषयीच्या आपल्या पृष्ठावरून हॅरिएट टबमन यांचे छायाचित्र काढून मजकूरही बदलला. टीका झाल्यावर एप्रिलमध्ये पूर्वीचे पृष्ठ परत आले. हा बदल तपासता आला, कारण इंटरनेट आर्काइव्हमध्ये जुन्या पृष्ठाच्या दिनांकित प्रती होत्या. पृष्ठ केव्हा पाहिले याची तारीख देणे आणि त्याची प्रत जतन करणे, हे यापुढे उपचार म्हणून नव्हे तर पुरावा म्हणून केले पाहिजे.

८. अभ्यासकाचे कर्तव्य

वरील विवेचनावरून काही नियम निष्पन्न होतात. आधार देताना संकेतस्थळाचे नाव पुरेसे नाही. मूळ कागद कोणत्या संस्थेत, कोणत्या संग्रहात आहे आणि प्रत्यक्ष पाहिला तो छायाप्रत, संपादित पाठ की यंत्रवाचन, हे लिहिले पाहिजे. शोधातून सापडलेले प्रत्येक वाक्य प्रतिमेवर पडताळले पाहिजे. एका घटनेचे एकाहून अधिक पाठ आहेत काय, हे पाहिल्यावाचून कोणताही पाठ स्वीकारू नये. ज्या मजकुराचा माग मूळ कागदापर्यंत लागत नाही, तो कितीही प्रसिद्ध असो, अथवा यंत्राने क्षणार्धात रचून दिलेला असो, त्यास साधन म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रातील अभ्यासकांस या कामी एक क्षेत्र विशेष जवळचे आहे. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा १८७३ सालचा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील जनतेस अर्पण केला. यादवी युद्ध व गुलामांची मुक्तता यांचे वृत्त त्या काळी मराठी वाचकांपर्यंत कोणत्या मार्गांनी आले, या प्रश्नाची अमेरिकन बाजू आज बरीच सुलभ झाली आहे. १८१३ साली मुंबईस आरंभ झालेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या पालक संस्थेचे 'मिशनरी हेरल्ड' हे मासिक महाजालावर वाचता येते. मात्र त्यातील पत्रे देणगीदार वाचकांसाठी निवडून छापलेली असत. मूळ हस्तलिखिते हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. मराठी बाजूसाठी अहमदनगर येथे १८४२ साली सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'चे अंक पानोपान चाळावे लागतील. छापील उतारा, मूळ पत्र आणि मराठी वृत्त ही तिन्ही शेजारी ठेवून वाचण्यास लागणारी भाषा येथील विद्यार्थ्याजवळ आहे. अमेरिकेतील फार थोड्या संशोधकांजवळ ती असेल. म्हणून हे काम येथेच व्हावयास हवे.